अंबाड्यातली सुई

पासष्ट साली जबलपूरजवळच्या रांझीच्या फॅक्टरी क्वार्टरांत ज्याच्या घरी रेडिओ होता, त्याच्या रेडिओवर शरयू वझलवारच्या हातचा क्रोशाचा रुमाल होता. रेडिओ नसला तर माठावर तरी तिच्या हातची जाळी असायचीच, वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला निळे मणी ओवलेली. लोक मोठं गोड बोलून मागायला यायचे. "वझलवार काकू, एक छोटासा करून द्या ना, बसल्या बसल्या होऊन जाईल." बसल्या बसल्या! शंभर नंबरच्या केसाएवढ्या बारीक दोऱ्याचा वीतभर रुमाल म्हणजे महिनाभराच्या दुपारी, आखडलेली मान आणि चुरचुरणारे डोळे, हे या मागणाऱ्यांना कुणी सांगावं? शरयू सांगत नसे. "बघते" म्हणायची आणि महिन्याने रुमाल खळ घालून, इस्त्री करून, स्वतः नेऊन द्यायची. घडी उलगडताना समोरच्या बाईचा चेहरा कसा होतो ते पाहायची तिला चटक लागली होती, दुसरं काही नाही.

तिच्याकडे सुया चार होत्या. तीन गोलबाजारात घेतलेल्या, साध्या. चौथीची गोष्ट वेगळी. सत्तेचाळीस साली सदरच्या छावणीतले गोरे लोक सामानसुमान विकून निघाले, तेव्हा शरयूचा नवरा नीलकंठ एका लिलावात आरामखुर्ची घ्यायला गेला आणि गोल टीपॉय घेऊन परत आला. खुर्चीचं काय झालं, याचं धड उत्तर त्याने शेवटपर्यंत दिलं नाही. टीपॉयला लहानसा खण होता आणि खणात एक पोलादी काडी पडलेली होती, टोकाला नजरेला जेमतेम दिसेल एवढा आकडा.

"शरयू, हे पाहा! साहेबाचं कानकोरणं!" असं म्हणून नीलकंठने ती कानात घातलीसुद्धा.

शरयू किंचाळलीच. तिने त्याचा हात धरला, काडी काढून घेतली, पदराने पुसली आणि उजेडात धरली. "कानकोरणं काय! क्रोशाची सुई आहे ही. अहो, इतकी बारीक सुई मी जन्मात पाहिली नाही."

"एवढ्याशा आकड्यात अडकून अडकून काय अडकते?"

"शंभर नंबरचा दोरा."

"आणि नवरा?"

"तो कधीचा अडकला," शरयू म्हणाली. लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती, पण असं काही बोलायला तिला अजून लाज वाटायची. त्या दिवशी मात्र ती बोलून गेली.

त्याच सुईने तिने त्याच टीपॉयसाठी रुमाल विणायला घेतला. मधे फूल, त्याच्याभोवती जाळी, जाळीभोवती पानं, आणि मग फेरीमागून फेरी. क्रोशात सगळा कारभार साखळीचा आणि खांबांचा. साखळी म्हणजे नुसती दोऱ्यात दोरा अडकवत जायचं, आणि खांब म्हणजे त्या साखळीवर उभा केलेला टाका. या खांबांत एक असतो मुका खांब. तो इतका बुटका, की विणल्यावर दिसतच नाही. पण फेरी जोडायची तर त्याच्यावाचून भागत नाही. नीलकंठला या नावाची भारी गंमत वाटायची. कचेरीतल्या एका अबोल कारकुनाला त्याने मुका खांबच नाव ठेवलं होतं.

रुमाल मात्र पुरा होईना. प्रतिमा झाली, मग तिची टोपरी आली, मग लोकांची कामं आली. "तुझा रुमाल होईतो टीपॉयला वाळवी लागून जाईल," नीलकंठ म्हणायचा. टीपॉयला काही झालं नाही. एकसष्टच्या उन्हाळ्यात विषमज्वराने सोळा दिवसांत नीलकंठच गेला. तेव्हा रुमालाच्या तीस फेऱ्या झाल्या होत्या.

नीलकंठ फॅक्टरीत स्टोअरला कारकून होता, म्हणून फॅक्टरीने शरयूला काम दिलं. काम कसलं, तर गेटवर बायकांची झडती घ्यायची. आत दारूगोळा भरायचा कारखाना. हातोड्या लाकडाच्या, पाने पितळेचे, फरशीसुद्धा अशी की तिच्यावर काही घासलं तरी ठिणगी पडू नये. लोखंडाची टाचणीदेखील आत जाता कामा नये. शेकडो बायका सकाळी रांगेने यायच्या आणि प्रत्येकीचे केस, पदर, कनवट चाचपून मगच आत सोडायचं. मॅट्रिक झालेली बाई, घरात सोवळंओवळं पाळणारी, आणि ती परक्या बायकांच्या केसांत बोटं घालून बसली. पहिले आठ दिवस ती घरी येऊन न्हायची आणि न्हाताना रडायची. मग रडणं थांबलं, कारण आपल्याला हे काम फार चांगलं येतं, असं तिच्या लक्षात आलं. शंभर नंबरच्या दोऱ्याची घरं न बघता मोजणारी बोटं ती! वेणीच्या तिसऱ्या पेडात टाचणी आहे, हे वेणीवर हात ठेवताच तिला कळायचं. गेटचा जमादार शालिग्राम तिवारी सगळ्यांना सांगायचा, "बाईजी की उँगलियों में आँखें हैं."

सापडेल तिचं नाव रजिस्टरात चढायचं. पहिल्या वेळी सात दिवस घरी, दुसऱ्या वेळी कायमचं घरी. झडती घेणाऱ्यांना मात्र पहिली वेळ नव्हती. त्यांच्याकडून चूक झाली की सरळ काम जायचं. तसं भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेलं होतं आणि पाटी शरयूच्या खुर्चीच्या बरोबर समोर होती.

आता या बाईला खोड अशी, की विणताना मधेच उठायची वेळ आली तर सुई अंबाड्यात खोचायची. दूध उतू चाललं, खोच. दारावर कुणी आलं, खोच. फॅक्टरीत लागल्यावर तिला स्वतःचीच धास्ती वाटू लागली आणि तिने त्यावर प्रतिमाला नेमलं. सकाळी निघताना ती उंबऱ्यात मान वाकवायची आणि प्रतिमा, अकरा वर्षांची पोर, आईच्या अंबाड्यात बोटं फिरवून सांगायची, "आई, काही नाही. जा." कधी सापडलीच सुई तर प्रतिमा जमादाराची नक्कल करायची, "बाईजी, ये क्या है?" चार वर्षं हा शिरस्ता एक दिवस चुकला नाही. फॅक्टरीच्या गेटवर मात्र शरयूची झडती कुणी घेत नसे. झडतीवालीची झडती घ्यावी, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिवारी रामराम करायचा आणि बाजूला व्हायचा.

पासष्टच्या जुलैमध्ये शैलजा कामावर लागली. एकोणीस वर्षांची, मझौलीच्या शाळामास्तरांची मुलगी, आणि केस गुडघ्यापर्यंत. कारखान्याच्या टोपीत ते केस मावेचनात. एका सकाळी शरयूची बोटं तिच्या खोप्यात थांबली आणि केसांचा एक लोखंडी आकडा घेऊन बाहेर आली.

"काकू, जाऊ द्या ना," शैलजा हळूच म्हणाली. "केस डोळ्यावर येऊन राहिले. त्याच्याशिवाय टोपीच राहत नाही. आपली माणसं आहोत ना आपण."

आपली माणसं, हे ऐकून शरयूला उलट राग आला. रांगेत मागे दीडशे बायका उभ्या होत्या, त्यात मराठी चार. "आपली म्हणून सोडू, आणि परकी म्हणून धरू? कायदा सगळ्यांना एक," ती म्हणाली आणि तिने नाव लिहिलं. शैलजा सात दिवस घरी बसली. परत आली ती शरयूकडे न पाहता मान पुढे करू लागली. शरयूला वाईट वाटायचं. पण आपलं चुकलं, असं तिला वाटत नव्हतं, आणि ते खरंच होतं.

सप्टेंबरात लढाई पेटली. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले, फॅक्टरीत बारा बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या. जबलपूरवर बॉम्ब पडणार, अशी आवई रोज कुणीतरी उठवायचं, म्हणून शरयूने प्रतिमाला नागपूरला दिरांकडे पाठवून दिलं. घर एकदम रिकामं झालं. सकाळी डबा एकटीचा, प्रतिमाची वेणी घालायची नाही. अर्धा तास मोकळा मिळू लागला, तेव्हा तिने ट्रंकेतून टीपॉयचा रुमाल काढला. एकतिसावी फेरी तिने त्या आठवड्यात पुरी केली.

सोमवारी ती बत्तिसावी सुरू करायला बसली. पहिली साखळी घातली आणि फॅक्टरीचा भोंगा वाजला. त्या दिवसापासून पाळी अर्धा तास अलीकडे आली होती. नोटीस लागली होती, तिने वाचलीही होती आणि ती साफ विसरली होती. धांदलीत उठली, कुलूप लावलं आणि धावत सुटली. उंबऱ्यात मान वाकवायला समोर कोणी नव्हतं.

दहाच्या सुमाराला आतून माणूस धावत आला. भरणीच्या शेडमध्ये एक पोर चक्कर येऊन पडली होती. आत सुपरवायझर पुरुष, त्याला हात लावता येईना, आणि बाकीच्या बायकांना हातातलं काम टाकता येईना. शरयूने चपला काढल्या, आतले कापडी बूट चढवले आणि उंबऱ्यावरची लाल रेघ ओलांडून गेली. पडलेली पोर शैलजा होती. तिचा थोरला भाऊ सीमेवर होता, त्याच्यासाठी तिने सोमवार धरले होते. पोटात पाणीसुद्धा नव्हतं. शरयूने फतकल मारून तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं, पदराने वारा घातला. शैलजाने डोळे उघडले. शरयू कुणाच्या हातातला पाण्याचा पेला घ्यायला वळली, तसा तिचा अंबाडा शैलजाच्या डोळ्यांसमोर आला.

"काकू," शैलजा म्हणाली, ओठ न हलवता. "हलू नका."

"काहून? काय होऊन राहिलं?"

"तुमच्या अंबाड्यात सुई आहे. निम्मी बाहेर आली."

शरयूने हातातला पेला गच्च धरला. हात डोक्याकडे न्यायचा नाही, एवढं तिला कळलं. दोन हातांवर दारूच्या पेट्या होत्या. ती रोज सकाळी ज्या बायकांच्या डोक्यात बोटं घालायची त्या आठजणी बाकावर बसून काम करत होत्या, आणि त्यातल्या पाचजणींची पोरं प्रतिमाच्या शाळेत होती.

"काढू?" शैलजाने विचारलं.

"नको. हात थरथरून राहिलाय तुझा. पडेल. आणि तुझ्या हातात दिसली तर तुझं दुसऱ्यांदा नाव चढेल."

शैलजाने क्षणभर विचार केला. मग तिने हात वर केला, आधार घ्यावा तसा शरयूच्या मानेमागे टाकला आणि अख्खा अंबाडा, सुईसकट, मुठीत धरला. "चला," ती म्हणाली. "उठा आता. हळू."

दोघी उठल्या. बघणाऱ्याला वाटावं, बाई पोरीला सावरून नेते आहे. सावरत होती पोर. सुपरवायझर हळहळून म्हणाला, "काकू, ज़रा ठीक से पकड़ो उसको. देखो, कैसी गर्दन से लटक गई है बेचारी!" शरयूने मान हलवून हो म्हटलं नाही. मान हलवायचीच नव्हती. लाल रेघेपर्यंत बेचाळीस पावलं होती. तिने ती साखळीची घरं मोजावीत तशी मोजली आणि एकविसाव्या पावलाला तिच्या मनात आलं, की फेरी चुकली तर उसवता येते, हे उसवता येणार नाही.

झडतीच्या खोलीत आल्यावर शैलजाने मूठ सोडली. बोटं वळून बसली होती, एकेक करून उघडावी लागली. सुई टेबलावर ठेवली तशी दोघी तिच्याकडे बघत राहिल्या. एवढीशी काडी.

"मी काही पाहिलं नाही," शैलजा म्हणाली.

"पाहिलंस तू."

"काकू, तुमचं काम जाईल. प्रतिमा आहे. मी कोणालेच सांगत नाही, देवाची शपथ."

तिने टोमणा मारला असता, कायदा सगळ्यांना एक म्हणून वेडावलं असतं, तर शरयूला सोपं गेलं असतं. पोरीच्या डोळ्यांत नुसती काळजी होती. शरयूने समोरची पाटी वाचली. काम गेलं की क्वार्टर जाणार. क्वार्टर गेलं की दिरांचं घर, तिथली मधली खोली, जावेच्या हाताखाली जन्मभराची पोळ्यांची चळत, आणि प्रतिमाची शाळा कोणाच्या तरी मर्जीवर. तिला भीती वाटली. सुई पदराआड गेली असती तर विचारणारं कुणी नव्हतं. पण उद्या सकाळी कुणाच्या केसांत हात घालायचा कोणत्या तोंडाने? त्याही पुढे, उद्या आपल्या बोटांनी एखादीचा आकडा पकडला, तर ती बोटं थांबतील की नाही, हेच तिला कळेना. त्या बोटांचा तिला फार अभिमान होता.

तिने रजिस्टर ओढलं. दोन पानं मागे शैलजाचं नाव होतं. तिने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: शरयू नीलकंठ वझलवार, झडतीवाली. अंबाड्यात पोलादी सुई, एक.

शालिग्राम तिवारीने ते वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "बाईजी, ये क्या लिख दिया आपने? स्याही गीली है अभी. बोलो तो पोंछ दूँ?"

"पुसू नका, जमादारजी. साहेबांकडे न्या."

साहेब होते श्यामसुंदर दीक्षित, चार रात्री झोप नसलेले, टेबलावर कागदांचा ढीग. त्यांनी रजिस्टर पाहिलं, शरयूकडे पाहिलं.

"किसने पकड़ा?"

"मैंने," शरयू म्हणाली.

"किसको?"

"मुझको."

साहेबांनी चष्मा काढला. तेवढ्यात दार लोटून शैलजा आत आली, अजून पांढरीफटक. "साहब, झूठ बोल रही हैं काकू. मैंने पकड़ा." आणि तिने सगळं सांगितलं, मुठीपासून बेचाळीस पावलांपर्यंत. पावलं तिनेही मोजली होती.

साहेबांनी रजिस्टर मिटलं. मग त्यांनी तिवारीला विचारलं, की झडतीवाली बाई आत शिरते तेव्हा तिची झडती कोण घेतं? तिवारी आपल्या बुटांकडे बघू लागला. साहेबही कागदांकडे बघू लागले, कारण ते ठरवणं त्यांचं काम होतं. शेवटी ते म्हणाले, की चार वर्षांत जिची झडती एकदाही झाली नाही, तिला झडतीत पकडली म्हणून काढता येत नाही. सात दिवस घरी. सुई जप्त. आणि उद्यापासून झडतीवालीची झडती सगळ्यांच्या आधी होईल. "कौन लेगा?"

"ये लेगी," शरयू शैलजाकडे बोट दाखवून म्हणाली. आणि मग, इतका वेळ न रडलेली बाई साहेबांच्या समोर ढसाढसा रडली.

जप्त झालेलं लोखंड परत मिळत नाही, हा नियम तिला माहीत होता. तिने सुई मागितली नाही. बाकीच्या तीन सुयांनी तिने रुमाल पुढे नेऊन पाहिला, पण जाळीची घरं सैल पडू लागली. जुन्या फेऱ्यांपुढे नवी फेरी परक्यासारखी दिसे. तिने तेवढं उसवलं, सुईवाचून मोकळं राहिलेलं घर सुटू नये म्हणून त्यात टाचणी अडकवली आणि रुमाल ट्रंकेत ठेवून दिला. नीलकंठची आठवण म्हणून जे काही होतं ते त्या सुईच्या आकड्यात होतं, असं तिला वाटायचं. ते गेल्याचं दुःख तिने कुणाला सांगितलं नाही.

सात दिवस हात जोडून बसणारी मात्र ती नव्हे. तिने वीस नंबरचा जाड दोरा काढला आणि एक जाळीची पिशवी विणली, ऐसपैस, कडेला ओवलेली नाडी. आठव्या दिवशी गेटवर शैलजाने तिचा अंबाडा तपासला, "काही नाही, काकू," म्हणाली, आणि मग शरयूने तिचा खोपा त्या जाळीत घातला आणि नाडी आवळली. आकडा नाही, टाचणी नाही, आणि केस जागच्या जागी. टोपी व्यवस्थित बसली.

"हे आधी काहून नाही सुचलं तुम्हाले?" शैलजाने विचारलं.

"आधी तुझं नाव लिहायची घाई होती ना मला," शरयू म्हणाली, आणि दोघी हसल्या.

लढाई थांबल्यावर प्रतिमा परत आली आणि सगळं ऐकून पहिलं वाक्य बोलली, "मी असते तर उंबऱ्यातच सापडली असती." बरोबरच होतं तिचं. दिवाळीपर्यंत पन्नास बायकांच्या डोक्यावर शरयूच्या जाळ्या होत्या, आणि एकाहत्तरच्या लढाईत तर एकही बिनजाळीचं डोकं गेटवर दिसेना. शरयूने जेवणाच्या सुट्टीत कडुनिंबाखाली बसवून कित्येकींना विणायला शिकवलं. शैलजाला तेवढं शेवटपर्यंत आलं नाही. तिच्या साखळीचा नेहमी गुंता व्हायचा आणि शरयू तो निमूटपणे सोडवायची. पोरीचा भाऊ सुखरूप आला, तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि रोज सकाळी, पाऊस असो की उन्हाची लू चालो, गेटवर पहिली झडती व्हायची. "काकू, डोकं." शरयू मान वाकवायची. बोटं फिरायची. "काही नाही. बसा आता खुर्चीवर."

असं तेरा वर्षं चाललं. प्रतिमा लग्न होऊन भोपाळला गेली. शरयू निवृत्त झाली त्या दिवशी हार झाले, पेढे झाले, आणि तिच्या जागेवर शैलजाला नेमल्याचं साहेबांनी सांगितलं. सगळे पांगल्यावर शैलजाने तिला खोलीत नेलं. टेबलावर जप्तीची जुनी पेटी उघडी होती.

"महिन्यापासून शोधून राहिली मी, काकू. साहेबांची सही घेऊन ठेवली होती. 'सुई' म्हणून कुठे चिठ्ठीच नाही. मला वाटलं गेली. मग काल एकेक वस्तू काढून पाहिली."

तिने एक पुडी पुढे केली. पुडीला तिवारीच्या हातची, पिवळी पडलेली चिठ्ठी बांधली होती: लोहे की कनखोदनी, एक अदद.

शरयूने चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. कानकोरणं! मग तिला हसू फुटलं आणि ते आवरेना. हसता हसता ती खाली बसली, आणि हसण्याचं रडणं केव्हा झालं ते शैलजाला कळलं नाही. "नीलकंठच आले गं," ती म्हणत होती, "तेच आले. त्यांनाही हे कानकोरणंच वाटलं होतं." नवऱ्याचं नाव तिने कधी तोंडाने घेतल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. शैलजाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शरयूने ट्रंक उघडली. रुमालाला डाग पडला नव्हता. चष्मा लावून तिने टाचणी काढली, मोकळं घर सुईवर घेतलं आणि बत्तिसाव्या फेरीची साखळी घातली. दोरा बिनतक्रार आला. चौदा खांब झाले असतील नसतील, भोंगा वाजला. सवयीने तिने सुई अंबाड्यात खोचली, उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि मान वाकवून उभी राहिली.

समोर अंगण होतं. तुळस होती. कोणी नव्हतं. आता कुठे जायचं नाही, हे तिला आठवलं, आणि त्याबरोबर दुसरं एक कळलं. नीलकंठ गेल्यापासून आपल्या केसांवरून मायेनं हात फिरवणारं घरात मोठं कुणी उरलं नव्हतं. पण आधी लेक आणि मग ही पोर, रोज सकाळी कुणी ना कुणी हात फिरवतच होतं. त्याला आपण झडती म्हणत होतो. ती तशीच, मान वाकवून, उंबऱ्यात उभी राहिली.

फाटक वाजलं. शैलजा आत आली, कामाच्या गणवेशात, डोक्यावर जाळी, पायांत घाई.

"अगं, भोंगा झाला! पहिल्या दिवशी उशीर करून राहिली काय?"

"दोन मिनिटं लागतात," शैलजा म्हणाली. "डोकं, काकू."

तिची बोटं अंबाड्यात फिरली, थांबली, सुईवर टेकली.

"आहे," ती म्हणाली. "राहू द्या." आणि पळत फॅक्टरीकडे निघाली.